साद घालणारीची जागा

२३ सप्टेंबर
पोचले. मिनेसोटाहून दोन दिवस गाडी चालवून वायोमिंगच्या या टोकाला, तरी अंग दुखत नाही. केबिन फोटोत होती तशीच निघाली, हेच आश्चर्य. तीन खाटा, लाकडाची शेगडी, मागे मांस टांगायला जाड तुळई. गावातल्या खाटिकाकडे थंड खोलीत जागा राखून ठेवली. घोडे, चाकांच्या साखळ्या, दोर, मांसाच्या कापडी पिशव्या, सगळं मीच ठरवलं आणि आर्लोने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझ्या भावाच्या मानाने हे फारच झालं.

बाबा एल्कच्या, म्हणजे इथल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला त्यालाच न्यायचे. पुढे तोही मित्रांबरोबरच येत राहिला. या उन्हाळ्यात परवान्याच्या सोडतीत त्याचं नाव लागलं तेव्हा फोन आला: यंदा तू चल, साद तू घालायचीस. मी 'बघते' म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच हसले.

२४ सप्टेंबर
केबिनची मालकीण व्हर्ना टॉलिव्हर घोडे दाखवायला आली. सत्तरीची, काटक. मी मिनेसोटाची आहे हे कळल्यावर म्हणाली, तुमच्याकडे पिकं दोनच, डास आणि 'माफ करा'. मी 'माफ करा' म्हणाले. ती खोकला येईपर्यंत हसली. मग तिने विचारलं, यंदा साद कोण घालणार? मी, म्हटलं. तिने खोगिराचा आवळलेला पट्टा उगाच पुन्हा आवळला. म्हणाली, गेल्या वर्षी यांच्याबरोबर आलेला मास्तरही साद छान घालायचा गं पोरी. आर्लोने मला सांगितलं होतं की गुडघ्यामुळे मास्तरने शिकार सोडली. तसं तिला म्हटलं. "असेल बाई," म्हणाली आणि घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिली.

२५ सप्टेंबर
आर्लो आणि त्याचा मित्र रॉयस आले. इथल्या राखीव रानात बाहेरच्या शिकाऱ्याला स्थानिक सोबती लागतोच. रॉयस इथेच स्थायिक झाल्यापासून ते काम त्याचं. मी जमीनमोजणीच्या कामात, म्हणून माझा नकाशा आणि उंचीच्या रेषा बघून तो म्हणाला, काय मोजणीबाई, एल्कला सातबारा देणार का? आर्लो हसला, पण नकाशा घडी करून त्यानेच खिशात ठेवला.

जेवणानंतर अंगणात नळीतून साद घातली. माजावर आलेल्या नराची आरोळी: खोल सुरुवात, वर चढत जाणारी शीळ, शेवटी दोन-तीन हुंकार. वर चढताना माझा आवाज एका जागी चिरकतो. आर्लो म्हणाला, चिरकू दे, तसाच हवा.

२६ सप्टेंबर
पद्धत सरळ आहे. साद घालणारा मागे दडतो. बंदूकवाला त्याच्यापुढे, त्याच्याकडे पाठ करून बसतो. आवाजाच्या रोखाने निघालेला नर वाटेत बंदुकीसमोर येतो.

आर्लोने माझी जागा वठलेल्या झाडांच्या खळग्यात ठरवली. वाऱ्याच्या दृष्टीने ती चुकीची होती, माझा वास वर डोंगराकडे जात होता. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, तुझ्या यंत्रांना रान कळत नाही, बस तिथे, मी पुढच्या उंचवट्याआड आहे.

दुपार कलताना साद घातली. उत्तर आलं. आधी हुंकार, मग वरून खाली उतरणारी शीळ. उलटी. पुन्हा घातली. या वेळी उत्तर सरळ होतं आणि ते मी चिरकते तिथेच चिरकलं.

मग डोंगरावरचे सगळे एल्क एकदम सुटले, माझ्या दोन्ही बाजूंनी, खालच्या कुरणाकडे. आवाजाकडे एकही आला नाही. कुरणात रॉयसने मोठा नर पाडला. मी उत्तराबद्दल सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

२७ सप्टेंबर
मांस खाटिकाकडे पोचवलं. परतताना व्हर्नाकडे थांबले, मुक्काम एक दिवस वाढवायला. ती म्हणाली, तिसरी खाट तर उद्यापर्यंतच आहे. तुझ्या भावाने ऑगस्टमध्येच फोन करून बदललं. पुढे दोघंच.

मी विचारलं, मग मी कुठे जाणार? ती भांडी विसळत राहिली. म्हणाली, मी फक्त खाटा भाड्याने देते, पोरी. मग मागे न वळता: तुझी गाडी आहे ना? आत्ता निघ.

निघाले नाही. आर्लोला विचारलं. म्हणाला, म्हातारीचं काय ऐकतेस. आणि मला मिठी मारली. बाबांच्या अंत्यविधीतही मारली नव्हती.

पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही हे कबूल करायचं. उद्या स्वतः बघेन.

२८ सप्टेंबर, दुपार
खळग्यात. साद घातलेली नाही. वही गुडघ्यावर.

आर्लोच्या जागी जाऊन आले. उंचवट्याआड गवत ताठ उभं. परवाचंही दबलेलं नाही. तो इथे बसलाच नव्हता. कधीच—

रेडिओवर रॉयस: मोजणीबाई, वाजव की, झोपलीस का? मी म्हणाले, आर्लोला दे. आर्लोला म्हणाले, तू ये, माझ्यापुढे बस, मग घालते.

 तो म्हणाला, कुरणात कोणीतरी लागतंच गं. आणि वर कोणीतरी. पुढे म्हणाला, बाबा असते तर त्यांनीही तुलाच— वाक्य सोडून दिलं. रेडिओ बंद केला.

बंद त्याने केला. मी नाही.

एल्क निघाले. खाली गोळ्या. रॉयसची आनंदाची आरोळी.

मी साद घातली नाही. तरी माझी साद ऐकू येते. वरून. चिरकते त्या जागेसकट. आता जवळून—

पळायला वाट कुरणाकडची एकच, उंचवट्यावरून. तिथलं गवत हलतंय. वारा नाही.

दिसत काहीच नाही. गवत दबलं. रुंद. आर्लोच्या जागी अखेर कोणीतरी बसलं.

बंदूकवाला पाठ करून बसतो. हे माझ्याकडे तोंड—