किडीने टाळलेलं पान

सहावा महिना, तिथी सहा

पुस्तकांना ऊन दाखवायचा दिवस. माडीवरच्या पेट्या अंगणात. हे मात्र होडीतून जुनी पुस्तकं विकणाऱ्या फूकडून घेतलेल्या कवितांच्या जुन्या प्रतीला चिकटून! सुंग काळातली, शेकडो वर्षांपूर्वीची छपाई — असं फू म्हणतो.

तीत मामंजींची ती वादाची ओळ सापडली. बाकी सगळ्या प्रतींत 'थंड घंटा'. मामंजी मरेपर्यंत सांगत राहिले, कवीने 'थंड खिडकी' लिहिलं असणार. पुरावा नव्हता. तान पंडितांनी भर मेजवानीत विचारलं होतं, "काय हो, खिडकी लावून घेऊ का? गार वारं येतंय!"

आणि इथे चक्क खिडकी. हे रडले.

तिथी सात

तान पंडित परवा प्रत तपासायला येणार. पटली तर मामंजींच्या टिपा छापायच्या, प्रस्तावना तेच लिहिणार. नाही पटली तर मामंजी कायमचे हसण्यावारी.

दुपारी दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. मी वाचायचं, ह्यांनी आपल्या प्रतीत लाल शाईने फरक टिपायचे. वाचता वाचता दिसलं — किडीचं भोक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आरपार गेलंय. फक्त खिडकीच्या पानावर नाही!

कीड एवढं एकच पान टाळून कशी जाईल?

ह्यांना बोलले नाही. का नाही बोलले?

तिथी आठ

फूने पान घुसवलं? त्याला कवितेतलं काय कळतं! मग ह्यांनी? जेवताना ह्यांचे हात बघत बसले. काय शोधत होते, कोण जाणे.

सासूबाईंना दिसत नाही. त्यांच्या नाकाशी ते पान धरलं. वास घेऊन हसल्या.

"अगं, हे आपल्याच घरातलं. त्या मेजवानीनंतरच्या हिवाळ्यात तुझे मामंजी चहा प्यायले कमी, जुना दिसावा म्हणून कागदाला पाजला जास्त. मग प्रत फूच्या बापाला विकून आले. म्हणाले, येईल फिरून."

"ह्यांना माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगू? बापाला देव मानतो."

म्हणजे मामंजी चुकले होते? की बरोबर होते, आणि फक्त पुरावा खोटा? 'थंड घंटा' म्हणून पाहिलं. 'थंड खिडकी' म्हणून पाहिलं. दोन्ही खरं वाटतं. मला काही कळेनासं झालंय.

तिथी नऊ

तान पंडितांची पालखी पुलाशी आली. हे आत झगा बदलतायत.

पुस्तकं शिवायचा दाभण किडीच्या भोकापेक्षा बारीक होता. खिडकीच्या पानात दोनदा फिरवावा लागला.