तीन नंबरच्या कॅमेऱ्यातला डाग

४ मार्च
पोचले एकदाची! दोन बॅगा आणि पाठीत उसण, एवढ्यानिशी. काम मात्र मनासारखं मिळालंय: बंद पडलेल्या टीव्ही स्टुडिओतली जुनी यंत्रं माणसात आणायची. मालकीणबाई सत्तरीच्या; सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांचे यजमान इथेच इंजिनिअर होते. भंगारात निघालेलं एकेक यंत्र त्यांनी जपून ठेवलं, आणि ते गेल्यावर वहिनींनी. चार कॅमेरे आहेत, एकेक कपाटाएवढा. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आई, तुला माणसांपेक्षा भंगार जवळचं. खरं आहे. भंगार उलट बोलत नाही.

७ मार्च
एक नंबरचा कॅमेरा सुरू झाला. वहिनींचा एकच दंडक: काम संपलं की लेन्सवर झाकण. हे मला शिकवायला नको. या कॅमेऱ्यांत काचेची नळी असते. ती फार वेळ एकाच दृश्याकडे बघत राहिली की ते तिच्यात उमटून बसतं. मग कॅमेरा कुठेही वळवा, पडद्यावर तेच अंधुक दिसत राहतं. आम्ही त्याला डाग म्हणतो. तीन नंबरला असाच डाग आहे, खुर्चीत बसलेल्या माणसाचा. वहिनी रोज दुपारी चहा घेऊन त्या पडद्यासमोर बसतात. तीन नंबरला हात लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. का म्हणून विचारलं, तर चहा गार होतोय म्हणाल्या.

११ मार्च
लावला हात. डाग पडलेला कॅमेरा तसाच सोडायचा म्हणजे माझ्या तीस वर्षांच्या कामाला बट्टा. वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी आमचा जुना उपाय केला: कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे वळवला, झगझगीत दिवे लावले आणि दिवसभर तसाच ठेवला. संध्याकाळी डाग साफ. मग चित्र कसं येतंय ते बघायला त्याच्यासमोरच्या खुर्चीत स्वतःच बसले. तेवढ्यात मुलीचा फोन आला आणि तासभर गप्पा झाल्या. झाकण लावायचं विसरलेच. इतकी वर्षं दुसऱ्यांना ओरडले, आता आपण कुणाला सांगायचं?

१२ मार्च
वहिनी चहा घेऊन आल्या, कोऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी इथे का येऊन बसते, असं त्यांनी मलाच विचारलं. यजमानांच्या आठवणीसाठी, मी म्हटलं.
"माझं लग्न कुठे झालंय?"
थट्टा नव्हती. जिन्यातल्या फोटोत दोघं होती, मी रोज बघत होते. आज त्यात वहिनी एकट्याच आहेत, शेजारच्या रिकाम्या जागेत हात गुंफून.
पुसून टाकलं मी यजमानांना. माझी चूक. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

१४ मार्च
तीन नंबरमध्ये नवा डाग. खुर्चीत बाई, फोन कानाला. मीच. काल नुसती आकृती होती, आज चष्म्याची काडीसुद्धा दिसते. झाकण कालपासून लावलेलं आहे, तरी गडद होतोय.
आणि आरशात मी फिकट. वहिनींनी आज तीनदा विचारलं, तुम्ही कोण?

१५ मार्च
मुलीला फोन केला. आई बोलतेय, म्हटलं. "राँग नंबर लागलाय, काकू," ती म्हणाली. किती नीट बोलली. मीच शिकवलं तिला तसं.
खूप रडले. मग राग आला.
डाग धुतला तर इंजिनिअरसाहेबांसारखी जाईन. ठेवला तर रोज थोडी थोडी. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. पोटच्या मुलीची काकू होऊन मरायची नाही मी.

१६ मार्च, सकाळी अकरा
वहिनी त्या खुर्चीत बसल्यात. झाकण उघडं. मी काढलेलं नाही. पडद्यावर त्या उमटताहेत आणि माझा डाग विरतोय— हातावरच्या शिरा परत दिसायला लागल्या— अर्धा तास गप्प बसले तर सुटते. मुलगी परत मिळते—
पाच मिनिटं गप्प बसले. हेही लिहिते.

साडेअकरा
उठवलं त्यांना. दाराबाहेर नेलं. कडी लावली आतून. माझ्या शिरा गेल्या पुन्हा—
झाकण बसत नाही. वायर काढली, तरी चित्र चालू—
नळी फोडणार. जन्मात एक यंत्र फोडलं नाही मी. फुटली की कदाचित मीही— असू दे. पण वहिनी जाणार नाहीत. यापुढे कुणीच—
हातोडी आणली. पडद्यावरची बाई मान हलवतेय. नको म्हणतेय. मी मान हलवलेली नाही.
नाव लिहायला गेले. आठवत नाही. नसलं तर नसो, हात अजून माझा आहे—
उठली ती खुर्चीतून. ये म्हणावं. बघू कोण कुणाला पुसतंय— एक, दो