मुक्ताचा पसंतीक्रम

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या लेकीला, मुक्ताला, दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर एमडीएससाठी शाखांचा पसंतीक्रम आज पाचच्या आत भरायचा होता. तिला लहान मुलांचे दात आवडतात. मला तारा लावणारी शाखा हवी होती. नातेवाइकांना ती चटकन कळते. भांडत शेवटी सदाशिव पेठेतल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दुपारची झोप मोडून दार उघडलं त्यांनी! पेठेत!

"रडणारं पोर खुर्चीत बसवशील?" त्यांनी तिला विचारलं.

"रोज बसवते, काका."

"मग तेच वर ठेव."

मी तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, आपण बाहेर बसा. इथे तोंड मी सांगितल्यावरच उघडायचं."

बसलो. झोप मोडून बोलतात, म्हणून इतकं खरं बोलतात का? आतून मुक्ताचं हसणं आलं. परीक्षेपासून घरात ते ऐकलंच नव्हतं. बाहेर काढल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले.