माशाच्या वासाचं नातं

मावला, आदिलाबाद
११ डिसेंबर २०२४

चि. हर्षदीप,

सप्रेम जयभीम. आई बरी आहे. गुडघा दुखते, पण जैनथच्या बाजारात जाणं काही सोडत नाही. मी कॉलेजचे पेपर तपासून राह्यली. फोनवर तू मधातच कापतं, म्हणून हे पत्र चंद्रपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ देते.

तू म्हटलं होतं, "ताई, त्या हंगेरीवाल्यांचं मूळ शोधण्यात तू सहा वर्षं घातली, आता आपल्या घराण्याचं एक पान लिहून दे. रुपाच्या वडलाले, माया होणाऱ्या सासऱ्याले, दाखवाचं आहे." पान तुले असं पाहिजे की आपले आबा निजामाच्या काळी पन्नास एकराचे पट्टेदार, म्हणजे जमिनीचे मालक, होते.

मी लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

काऊन, ते माया हंगेरीवाल्यांकडूनच ऐक. हे मग्यार लोक मूळचे उरल पहाडाकडचे. घोडे-ढोरं घेऊन शेकडो वर्षं पश्चिमेकडे सरकत गेले. नवव्या शतकाच्या शेवटी पेचेनेग टोळ्यांनी मागून हाणलं, तवा त्यायची सात कुळं अर्पाद नावाच्या सरदारामागं कार्पेथियन डोंगर ओलांडून आजच्या हंगेरीत उतरली. म्हणजे मार खाऊन आलेले लोक. पुढं राज्य झालं, दरबारी लेखक आले, आणि त्यायनं राजाचं मूळ थेट हूणांच्या बादशहाशी, अट्टिलाशी, नेऊन जोडलं. मोठा बाप कोणाले नको?

मग अठराव्या शतकात भाषेचे अभ्यासक निघाले. त्यायनं दाखवलं की मग्यारांची बोली जुळते ती उत्तरेकडच्या मासे धरणाऱ्या, शिकारीवर जगणाऱ्या गरीब लोकांशी. बडे लोक भडकले. म्हणे, आमाले हे माशाच्या वासाचं नातं नको. पण हात, डोळा, पाणी, मासा, हे शब्दच तिकडचे निघाले, त्याले कोण काय करील?

हे वाचून मले हसू नाही आलं. मले तू आठवला.

आबा पट्टेदार नव्हते. बावीस वर्षं जैनथच्या एका शेतात सालदार होते, सालभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा गडी. धन्याच्या विहिरीले हात लावायची सोय नव्हती. त्याच आबानं बाबाले शाळेत घातलं, बाबा कारकून झाले, म्हणून तू आज इंजिनिअर आहे. कोण्या अट्टिलानं नाही शिकवलं आपल्याले.

आता जे लिहाले हात अडून राह्यला, ते लिहिते. रविवारी रुपाचे वडील घरी आले होते. तू तोंडी मारलेली थाप खरी धरून त्यायनं आईलेच विचारलं, "पट्टा कोणत्या शिवारात होता?" आईनं मान खाली घातली. आबाच्या सुनेची ती मान मले पाहवली नाही, हर्षा. मी सगळं खरं सांगून टाकलं. ते अर्धा चहा ठेवून उठले.

काल रुपाचा फोन आला. म्हणाली, "मी लग्न मोडलं नाही, ताई. पण सालदाराच्या नातवाशी मी लग्न केलं असतं, खोट्या पट्टेदाराशी नाही करणार. शनिवारी त्यायले आमच्या घरी येऊ द्या. माया बाबासमोर स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. मग पाहू."

तू चिडशील, चिड. बोलणं सोडशील, तेही सोड. मी माफी मागत नाही. लग्न मोडलं तर खापर माया डोक्यावर फोड. पण शनिवारी तू जाशील तवा मी अन् आई तिथं आधीच बसलेल्या असू. यावेळी आई मान खाली घालणार नाही, तसं तिनं मले सांगितलं आहे.

तुझी ताई,
मोतीराम सालदाराची नात,
अर्पिता