उशीची परवानगी

ती. दादा,

वाकून नमस्कार. (तुला सध्या वाकता येत नाही असं कळलं, म्हणून दोघांच्या वाटचं मीच वाकले. कुठून कळलं ते विचारू नकोस.) वहिनीला नमस्कार सांग. मी बरी आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची अंगं चोळून जेवढं बरं राहता येतं तेवढी.

पत्र लिहायचं कारण, आम्हा मालिशवाल्यांचं एक मंडळ आहे, आणि त्या मंडळाच्या मते मी शिळी झाले आहे. ठरावीक वर्षांनी नवं शिक्षण घ्यायचं, नाहीतर परवाना रद्द आणि दुकानाची पाटी खाली. नियम वाईट नाही. आमच्या धंद्यात कोण कुठून येऊन कोणाची मान मुरगळेल, सांगता येत नाही. पण यंदाचं शिक्षण कॉम्प्युटरवर. पडद्यावर शिकवणाऱ्या बाई, इकडे टेबलावर उशी. माझ्याबरोबर शेजारच्या दुकानातला कोपरवाला होता (हा गडी हात कमी आणि कोपर जास्त चालवतो). त्याने पहिल्याच दिवशी उशी फाडली आणि आम्ही पुढे कितीतरी दिवस कापूस शिंकत होतो. मी मात्र उशी चादरीने नीट झाकली, मधोमध कणा आहे असं धरून अंगठे चालवले, घामाघूम झाले. निकाल आला, नापास. का, तर हात लावण्याआधी उशीची परवानगी विचारली नाही. मी भांडले. बाई म्हणाल्या, "उशीला विचारत नाही, ती माणसाला काय विचारणार?" नापास होण्यापेक्षा हेच जास्त झोंबलं. (आता झोपतानासुद्धा उशीला विचारून डोकं टेकते.)

तुला हसू येत असेल. येऊ दे. तुझ्या मुलीच्या लग्नात "ही हॉस्पिटलात असते" अशी तू माझी ओळख करून दिलीस, तेव्हा मीही हसले होते. आई गेली त्या दिवशी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तू खांदा झटकलास, तेव्हा मात्र नाही. परक्यांची अंगं चोळणारा हात तुला नको होता. आईचे पाय शेवटपर्यंत त्याच हाताने चेपले, दादा. राग आहे, तो लिहून टाकला.

असो. तुझ्याकडून मला काहीही नको. खुशाली कळवावी, एवढंच मनात होतं.

तुझी धाकटी

ता. क. उशीत दुसऱ्या खेपेला पास झाले. आता शेवटची परीक्षा जिवंत माणसावर, आणि अट अशी की त्याला मी आधी कधी मालिश केलेली नसावी. सगळी गल्ली पालथी घातली. इस्त्रीवाला, दातांचा डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, सगळे माझ्या टेबलावरून गेलेले. खुद्द परीक्षकसुद्धा (खांदा). कोरा असा तू एकटाच उरलास. (झटकलेला हात मालिशीत धरत नाहीत, मी विचारून घेतलं.) येशील का? पालथं पडायचं आणि गप्प राहायचं. हात लावण्याआधी मी विचारेन. नाही म्हणालास तर परवाना जाईल, पण हात लावणार नाही.

ता. क. आणखी एक. तुझ्याऐवजी वहिनीला पाठवू नकोस, ती अटीत बसत नाही. कारण सांगता येणार नाही. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर फोडायचं नाही असा नियम आहे, आणि त्या धड्यात मला पैकीच्या पैकी मार्क आहेत.