राखलेले कुरण

४ मे
सौरप्रकल्पाचे लोक पठारावर येऊन गेले. कासाब्लांकाचा इंजिनिअर लहलू गावच्या धर्मपंडिताला, मलाच, म्हणाला, "फकीहसाहेब, इथे कोणी फिरकतही नाही. पडीक जमीन!" पडीक! वसंतात गवत बी धरेपर्यंत जमातीने पठार बंद ठेवलेले असते. एकही मेंढी आत जात नाही. हा शहाणा बंद दुकानासमोर उभा राहून सांगतो, की आत माल नाही. आणि अशांच्या हाती सूर्य द्यायचा!

६ मे
मशिदीसमोर बैठक. आमचेही लोक कमी हास्यास्पद नाहीत. कोणी म्हणे, प्रकल्पाच्या आरशांनी ढग पळतील. कोणी म्हणे, मेंढ्या आंधळ्या होतील. ज्या गावाचा फकीह मदरशात तर्कशास्त्र शिकवून म्हातारा झाला, त्या गावाची ही बुद्धी! मी बजावले — सूर्याशी आपले वैर नाही. वीज शहरात जाणार आणि पठार कुंपणात. मग उन्हाळ्यात कळप कुठे न्यायचे? मुद्दा एवढाच.
विधवा तूदा म्हणाली, "तुमचा मुद्दा मेंढीपुढे टाकून बघा, खाते का!" सगळे खो खो हसले.

१० मे
मंगळवारी सरकारी पाहणी. वापर दिसला, तरच हक्क. मी सुचवले — त्या सकाळी सर्वांनी कळप आत सोडावेत. जमातीचा प्रमुख बासू दचकला. "बंदी आहे, फकीहसाहेब. मोडायची कशी? मोडणाऱ्यानं गावजेवण घातलं, तरच तो पुन्हा आपल्यातला."
"पठार वाचवण्यासाठी. एकच सकाळ."
बासू उठून कळपाकडे गेला, मागोमाग सगळे. नकार नाही, म्हणजे संमतीच!

१२ मे
तूदाला विचारले, येणार ना? म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." व्हा पुढे! मेंढ्यांमध्ये राहून माणसेही मेंढ्या होतात.

१४ मे
आत गेल्या त्या केवळ माझ्या मेंढ्या. बाकी गाव हद्दीच्या दगडांपाशी कळप अडवून उभे. भेकड! ओरडून माझा घसा बसला. अधिकारी बघत होते.
बासू बाहेरूनच म्हणाला, "या बाहेर, फकीहसाहेब. राखतो म्हणून तर ते आपलं आहे."
हा काय युक्तिवाद झाला?

१५ मे
लहलू घरी आला. "काम सोपं केलंत. चरवणारे तुम्ही एकटेच — तेव्हा पठार देण्याच्या संमतीची सहीही तुमची एकट्याचीच पुरे."
बंदी मोडल्याबद्दल गावजेवणाचा दंड सांगायला बासू आला होता. दारातच थांबला. सगळे ऐकले. दंड न सांगताच परत गेला.