बार्शीला न्यायची बेल

मारुंजी,
१२ नोव्हेंबर २००९

प्रिय अण्णा,

तुम्ही न्हाणीत पडलात आणि आई परसात कपडे वाळत घालत होती म्हणून पाऊण तास तसेच पडून राहिलात, हे तिने फोनवर सांगितलं. अर्धांगाने वाचा गेलेली, हाक तरी कशी मारणार! तेव्हापासून माझं कशात म्हणून चित्त नाही. ऑफिसात कुणाचाही फोन वाजला की मी आधी माझाच उचलून बघते. म्हणून तुमच्यासाठी बेल करायला घेतली. एक बटण उशाशी, एक न्हाणीत. दाबलं की आईजवळ घंटा वाजेल.

पण बेलचा हा सर्किट बोर्ड तुमच्याइतकाच हट्टी. त्यावरच्या कोऱ्या चिपमध्ये आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम भरावा लागतो, मगच ती पुढचं ऐकते. लॅपटॉपच्या यूएसबीला सिरियल कन्व्हर्टर लावला, म्हणजे लॅपटॉप आणि चिपमधला दुभाषा, त्याच्या तारा बोर्डाला. मेल्या सैल! एका हाताने त्या दाबून धरायच्या, दुसऱ्याने एंटर, आणि नेमकं त्याच क्षणी बोर्डावरचं रिसेटचं बटण. तिसरा हात कुठून आणू? चार दिवस नुसती चिडचिड. तुमच्या रेडिओच्या दुकानात तो तिसरा हात मी असायचे. तुम्ही कथलाचा डाग द्यायचात, मी तार धरायचे, आणि जरा हलले की तुम्ही ओरडायचात, "क्षिते, झोपलीस का?"

शेवटी आज घरमालकीण सारजाबाईंना हाक मारली. पहिल्यांदा त्यांनी बटण आधीच दाबलं, दुसऱ्यांदा गप्पांत विसरल्या. तिसऱ्या खेपेला स्क्रीनवरची टक्केवारी पळत पळत शंभरावर गेली. मी नाचलेच! हे कुणासाठी, म्हणून बाईंनी विचारलं. सगळं सांगितलं. तर म्हणाल्या, "आगं, बाप तितं पडलाय आन् तू हितं बटनं करत बसलीस व्हय? येष्टी जात न्हाई का बार्शीला?" असा राग आला मला!

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, हे खोटं होतं. त्याआधी दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुम्ही माझं नाव घ्यायला तोंड उघडलंत, नुसताच घोगरा आवाज आला, आणि मी फोन आल्याचं सांगून बाहेर पळाले. फोन आला नव्हता, अण्णा. तुम्हाला ते कळलं होतं. ही बेलसुद्धा मी पार्सलनेच पाठवणार होते. आता शनिवारी घेऊन येतेय. वायरिंग तिथेच करू. तार मी धरते, डाग तुम्ही द्या, डाव्या हाताने का होईना. आणि माझं नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ घ्या. मी खोलीतच थांबेन.

तुमचीच,
क्षिती